सॅव्हेज ९९: टँगमागे दस्ता चिरलाय, बदली दस्ता नेमका कोणता घ्यावा?

रानपाखरू

नमस्कार मंडळी,

बाबांची सॅव्हेज ९९ रायफल आता माझ्याकडे आली आहे. .३०० सॅव्हेज काडतुसाची, पिस्तुल-ग्रिपची, दस्त्यावर (खांद्याला टेकायच्या लाकडावर) आणि फोरएंडवर (नळीखालच्या लाकडावर) चेकरिंग, म्हणजे पकडीसाठीची चौकटीदार खाचणी असलेली. मागच्या महिन्यात साफ करायला घेतली तेव्हा टँगच्या (बॉडीतून मागे दस्त्यात जाणाऱ्या लोखंडी शेपटीच्या) मागे, उजव्या अंगाला, ४ सेंटिमीटरची चीर दिसली. डाव्या अंगाला नखाएवढी कपची उडाली आहे. दस्ता धरून जरा पिळला की किंचित हलतो.

घाई केली, ते कबूल करते. "सॅव्हेज ९९चा अस्सल जुना दस्ता" एवढं वाचून एक मागवला. लाकूड सुंदर आहे, पण टँगची खाच माझ्या रायफलीशी जुळतच नाही. त्या दस्त्याच्या रायफलीला सेफ्टी (चाप अडवणारी कळ) वर टँगवर असणार. माझी सेफ्टी खाली लिव्हरला (काडतूस भरायच्या दांडीला) लागून, उजव्या बाजूला सरकणारी आहे. विक्रेता परत घ्यायला तयार नाही. म्हणतो, "नव्याण्णव ती नव्याण्णव."

आता पुन्हा चुकायचं नाही. कोणत्या काळातला, कोणत्या उपप्रकारातला दस्ता शोधू? लिव्हरच्या पुढच्या गोल भागावर एक बारीक लंबगोल शिक्का आहे, त्यात एक अंक आणि "डी" हे अक्षर. त्याचा काही उपयोग?

जाता जाता एक. दस्त्याच्या वरच्या कडेला, बाबांचा गाल टेकायचा तिथे, पॉलिश पार झिजून लाकूड गुळगुळीत झालं आहे. म्हणून हा दस्ता टाकायला हात धजत नाही. पण रायफल कपाटात उभी ठेवायची नाही, वापरायची आहे.

अक्रोड_आणि_पटाशी

ताई, तो "डी" फार उपयोगाचा आहे. १९४९पासून सॅव्हेजने लिव्हरच्या त्या गोल भागावर वर्षाचं अक्षर मारायला सुरुवात केली. ए म्हणजे १९४९, बी १९५०, सी १९५१, डी १९५२. तुमची रायफल १९५२ची धरा. टँगवरची सेफ्टी आली १९६०च्या सुमारास, त्यामुळे तुम्हाला आलेला दस्ता त्या नंतरच्या रायफलीचा आहे. तो कोरून-भरून बसवायच्या नादी लागू नका. टँगच्या दोन्ही अंगांना लाकूड मुळातच पातळ असतं, तिथे भरलेला तुकडा धक्का सहन करत नाही. ज्याची सेफ्टी टँगवर आहे असा कोणी तरी तो दस्ता शोधत असेलच, त्याला द्या.

"९९" हे नाव १८९९च्या मॉडेलवरून आलेलं आणि पुढे कित्येक दशकं चाललेलं. तेवढ्या काळात दस्ता वरचेवर बदलला. म्हणून नुसत्या मॉडेलच्या नावावर लाकूड कधीच मागवू नये. विचारायचं ते असं: सेफ्टी लिव्हरवर की टँगवर? ग्रिप सरळ की पिस्तुली? सरळ ग्रिपचा लिव्हर सरळ असतो आणि पिस्तुल-ग्रिपचा वळलेला, म्हणजे ग्रिप चुकली तर लिव्हर आणि लाकूड एकमेकांशी बोलत नाहीत. फोरएंड घ्यायचा झाला तर रायफल टेकडाऊन आहे का, हेही विचारा. नळी सुटी होणाऱ्या रायफलीचा फोरएंड निराळ्या पद्धतीने अडकतो, साध्याचा एका स्क्रूवर. नव्याण्णवच्या आर आणि आरएस उपप्रकारांचा फोरएंड भरदार असतो, ईजीचा त्यामानाने सडपातळ. तुमच्या वर्णनावरून ती ईजी वाटते, पण फोटो पाहिल्याशिवाय शिक्कामोर्तब करणार नाही.

विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: टँगची खाच सरळ वरून, दस्त्याचं बॉडीला भिडणारं तोंड समोरून, आणि बट-प्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकावरची पट्टी) काढून मागचं टोक. तिसरा फोटो द्यायला जो का-कू करतो त्याच्याकडून घेऊ नका. युद्धापूर्वीच्या दस्त्यांवर तिथे लाकडात रायफलीचा क्रमांक ठोकलेला सापडतो, आणि आत कोणी उद्योग केलेत तेही तिथेच कळतं. तुमची बट-प्लेट कागदावर ठेवून पेन्सिलीने कड आखा आणि तो कागदच विक्रेत्याला पाठवा. प्लेटच्या बाकात २ मिलिमीटरचा फरक असला तरी लाकूड तासावं लागतं, आणि एकदा तासलं की त्याचं मूळपण गेलं.

आता माझं खरं मत. दस्ता बदलूच नका.

तुम्ही सांगितलेली चीर नव्याण्णवच्या दस्त्याचा ठरलेला आजार आहे. दस्ता मागून आत गेलेल्या एका लांब बोल्टवर घट्ट बसतो. वर्षानुवर्षांत लाकूड आकसतं, बोल्ट ढिला पडतो, आणि मग प्रत्येक गोळीला टँग पाचरीसारखा लाकडात घुसतो. म्हणून पिळल्यावर हलतो. नवा दस्ता ढिल्या बोल्टवर चढवलात तर तोही चिरेल.

आधी रायफल रिकामी करा. लिव्हर उघडून चेंबर आणि मॅगझिन डोळ्यांनी पाहा, डाव्या अंगाच्या खिडकीतल्या उरलेल्या गोळ्यांच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. मग बट-प्लेटचे दोन स्क्रू. खाचेत तंतोतंत बसणाराच पेचकस घ्या, स्क्रूची चिरडलेली खाच आयुष्यभर डोळ्यांत खुपते. आतल्या खोल भोकातून लांब पेचकस घालून बोल्ट सोडा आणि दस्ता सरळ मागे ओढा. पिळू नका. ॲक्शनचे, म्हणजे आतल्या यंत्रणेचे, भाग अजिबात सुटे करू नका, त्याची गरज नाही.

टँगजवळचं लाकूड काळं पडलेलं असेल तर ते मुरलेलं तेल. त्यावर कोणताही डिंक धरत नाही. खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्या, वाळला की झटका, पुन्हा द्या. पूड पांढरी राहीपर्यंत. माझ्या एका दस्त्याला असे ११ लेप लागले होते. मोकळ्या हवेत करा, जवळपास ज्योत नको. नंतर चीर हलकेच फाकवून सावकाश वाळणारं पातळ इपॉक्सी आत ओढवा, धातूला आधी मेण चोळा, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळून एक रात्र ठेवा. कपचीच्या जागी त्याच रंगाचा, त्याच दिशेच्या रेषांचा अक्रोडाचा तुकडा.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. जोडताना धातूवर काजळीचा पुसट हात फिरवा, दस्ता बसवा, काढा आणि डाग कुठे उठलेत ते पाहा. डाग बॉडीला भिडणाऱ्या तोंडावर सगळीकडे सारखे हवेत, टँगच्या मागच्या टोकाला अजिबात नकोत. तिथे कागद सरकेल एवढी फट ठेवा. ही फट ठेवली नाही तर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

पेचकस

वरच्या प्रतिसादाला पुस्ती. लाकूड शोधताना सगळे लोखंड विसरतात. उदाहरण दुसऱ्या रायफलींचं: माउझर ९८वर बांधलेल्या शिकारी रायफलींमध्ये मागच्या स्क्रूभोवती लोखंडी नळकांडी असते, ती लाकूड दाबू देत नाही. जुना दस्ता फेकताना ती हमखास त्याच्याबरोबर जाते. मग लोक स्क्रू आवळतच राहतात आणि नवा दस्ता टँगपाशी फुटतो.

आटेसुद्धा तपासा. माउझर ९८च्या गार्ड स्क्रूला (दस्ता बॉडीला आवळणाऱ्या स्क्रूला) इंचाला २२ आटे, विंचेस्टर ७०ला ३२, रेमिंग्टन ७००ला २८. जाडी तिन्हींची पाव इंच, त्यामुळे दिसायला सारखेच. पहिले दोन फेरे बोटांनी सहज गेले नाहीत तर थांबा.

रानपाखरू

दोघांचे मनापासून आभार. आज बट-प्लेट काढली. बोल्ट आणखी दीड फेरा आवळला जात होता! आतलं लाकूड टँगच्या मागे बोटभर काळंकुट्ट आहे. बाबा रायफल नेहमी दस्ता खाली करून ठेवायचे, तेलही सढळ हाताने घालायचे. ते तेल उतरून इथेच साचलं असणार.

दुसरा लेप आत्ताच झटकला, पूड अजून चहाच्या रंगाची येते आहे. बाबांचाच दस्ता ठेवते आहे. एक शंका: दुरुस्तीनंतर वरून पॉलिश करावं लागेल का? गालाच्या जागेला हात लावायचा नाही.

अक्रोड_आणि_पटाशी

लावूच नका. सांध्यावर आणि नव्या तुकड्यावर तेवढं उकळलेलं जवसाचं तेल, बोटाने, थेंबभर, दिवसाआड. चार-पाच हातांत रंग जवळ येईल. तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

पहिल्या १० गोळ्यांनंतर बोल्ट पुन्हा तपासा, आणि यापुढे तेल घातल्यावर रायफल काही दिवस नळी खाली करून ठेवत जा. लेप पांढरा आला की टँगच्या खाचेचा फोटो टाका, इपॉक्सी भरण्याआधी एकदा बघतो.