एका दिवसाच्या ऑर्डरचं पान उघडायला ९ सेकंद. रॅम वाढवू का?

धागाकर्ता: पीएचपी (साइटचा कोड) आणि मायएसक्यूएल ८.० (डेटाबेस) एकाच ४ जीबी व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) आहेत. ऑर्डरच्या टेबलात १२ लाख ओळी. तारखेवर इंडेक्स (ओळ पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) आहे, क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) अट डेट() (तारीख-वेळेतून फक्त तारीख काढणारं फंक्शन) लावून घातली आहे. मोबाइल नंबरचा शोधही असाच रखडतो, इंडेक्स तिथेही आहे. क्वेरी कॅश (आधीची उत्तरं साठवून ठेवणारी सोय) चालू करू की रॅम ८ जीबी करू?

इंडेक्सवाला: क्वेरी कॅश ८.० मधून काढूनच टाकली आहे. रॅमचे पैसेही सध्या खिशात ठेवा.

गडबड डेट() मध्ये आहे. कॉलमवर फंक्शन लावलं की साधा इंडेक्स कामी येत नाही, प्रत्येक ओळीची तारीख काढून पाहावी लागते. क्वेरीआधी एक्स्प्लेन लावा, मायएसक्यूएल ती कशी चालवणार ते कळतं: टाइपखाली 'ऑल' (अख्खं टेबल वाचणं) आणि रोज़खाली (तपासायच्या ओळी) १२ लाखांच्या आसपास आकडा दिसेल. समजा १ मार्चच्या ऑर्डर हव्यात, तर अट अशी करा: १ मार्च ००:०० किंवा नंतर, आणि २ मार्च ००:०० च्या आधी. बिट्वीन नको, त्यात २ तारखेची ठीक मध्यरात्रही धरली जाते. मग टाइप 'रेंज' (इंडेक्सचा फक्त तेवढाच भाग वाचणं) झाला पाहिजे.

मोबाइलचा कॉलम व्हारकॅर (मजकुराचा) असेल आणि नंबर अवतरणचिन्हांशिवाय जात असेल, तर दर ओळीतल्या मजकुराचा आकडा करून तुलना होते. इंडेक्स नुसता शोभेला. पीडीओत (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) पॅराम_इंट (आकडा) दिलं असेल तर पॅराम_स्ट्र (मजकूर) करा.

धागाकर्ता: मोबाइलचा शोध झटक्यात येतो आता. ऑर्डरच्या यादीत 'रेंज' आलं, पण पान अजून दीड सेकंद घेतं. स्लो लॉग (हळू क्वेऱ्यांची नोंद) कोरा.

रात्रपाळी: कोराच राहणार, लाँग_क्वेरी_टाइम (त्याहून जास्त वेळ घेणारीच क्वेरी लॉगमध्ये येते) मुळात १० सेकंद असतो. पाच मिनिटांपुरता ० करा. ग्लोबल (सगळ्या सर्व्हरसाठीचा) बदल जुन्या कनेक्शनना लागू होत नाही, म्हणून पीएचपी-एफपीएम (पीएचपीच्या प्रोसेस चालवणारी सेवा) रीस्टार्ट करा. मग मायएसक्यूएलडंपस्लोमधून (स्लो लॉगचा सारांश काढणारं साधन) किती वेळा आली त्या क्रमानं क्वेऱ्या पाहा. एकच क्वेरी शेकड्यांनी दिसली तर लूपमध्ये ग्राहकाचं नाव एकेक करून आणताय: ४०० ऑर्डर, ४०१ क्वेऱ्या. जॉइन करून (दोन्ही टेबलं जोडून) एकाच क्वेरीत आणा. लॉगची ही वेळमर्यादा नंतर १ सेकंदावर न्यायला विसरू नका, नाहीतर डिस्क भरेल.

इंडेक्सवाला: इनोडीबी_बफर_पूल_साइझही (टेबलांचा डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा) बघा, न बदलल्यास १२८ एमबीच असतो. तुमच्याकडे १ जीबीपासून सुरुवात करा. रॅमच्या ७०-८० टक्के द्या हा सल्ला फक्त डेटाबेससाठी ठेवलेल्या सर्व्हरचा. इथे मॅक्स_चिल्ड्रन (एका वेळी चालणाऱ्या पीएचपी प्रोसेसची कमाल संख्या) गुणिले प्रत्येक प्रोसेसची मेमरी एवढी जागा पीएचपीला लागते. स्वॅप (रॅम संपल्यावर डिस्क वापरणं) सुरू झाला की सगळंच रांगायला लागतं.