तान्ह्या बाळाच्या कपड्यांसाठी कोणतं डिटर्जंट घ्यावं?

ओलावा:
बाळ यायला तीन आठवडे आहेत. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट सगळं एकदा धुऊन ठेवायचंय. मशीन पुढून दार असलेलं आहे. पाणी जड आहे, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. 'बेबी' लिहिलेलं लिक्विड वेगळं घ्यायचं की घरातली पावडर चालेल? एन्झाइमवालं टाळा असं एकीकडे वाचलं, एन्झाइमशिवाय दुधाचे डाग निघत नाहीत असं दुसरीकडे. आणि बाळाचे कपडे घरच्यांच्या कपड्यांपासून वेगळे धुवायचे का?

रसायनी:
पुढचा 'बेबी' शब्द सोडा, बाटली उलटी करून घटक वाचा. बेबी लिहिलेल्या कित्येक लिक्विडांना घमघमाट असतो, आणि नवजात बाळासाठी आधी टाळायचा तो सुगंधच. डिटर्जंटची अ‍ॅलर्जी म्हणतात ती पुष्कळदा सुगंधी द्रव्यांची किंवा टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनांची असते.

'फ्रॅग्रन्स-फ्री' आणि 'अनसेंटेड' हे एकच नव्हे. अनसेंटेडमध्ये मूळ वास झाकायला दुसरं सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. 'हायपोअलर्जेनिक' या शब्दामागे बहुतेक ठिकाणी कुठलीही ठरलेली चाचणी नसते, त्यामुळे त्या शब्दासाठी जास्त मोजू नका.

लिक्विडमध्ये पाणी असतं, म्हणून ते खराब होऊ नये यासाठी प्रिझर्व्हेटिव्ह लागतात. यादीत 'मिथाइलआयसोथायझोलिनोन' हे प्रिझर्व्हेटिव्ह दिसलं तर दुसरी बाटली बघा. पावडरीला याची गरज नसते, पण गार पाण्यात ती नीट विरघळत नाही आणि कापडाच्या घडीत पांढरे कण राहतात. पावडर वापरायची तर पाणी ४० अंशांचं ठेवा किंवा ती आधी कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मग घाला.

एन्झाइम म्हणजे डाग तोडणारी द्रव्यं. त्यांची भीती कारखान्यांतून आली. १९६०च्या दशकाच्या शेवटी डिटर्जंटच्या कारखान्यांत एन्झाइमची बारीक धूळ श्वासातून जाऊन कामगारांना दम्याचा त्रास झाला होता. त्यानंतर एन्झाइमचे दाणे आवरण देऊन बनवायला लागले. नीट विसळलेल्या कपड्यात उरणारा अंश इतका कमी असतो की त्याने त्वचेला त्रास होत नाही. दूध आणि शी यांतली प्रथिनं तोडायला प्रोटीएज नावाचं एन्झाइम लागतंच. अपवाद लोकर आणि रेशमाचा. ती स्वतःच प्रथिनं आहेत, प्रोटीएज त्यांनाही खातं. लोकरीची टोपडी आणि मोजे वेगळ्या, एन्झाइम नसलेल्या लिक्विडने धुवा.

कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घातलेले ब्राइटनर मळ काढत नाहीत. ते कापडावर चिकटून राहण्यासाठीच बनवलेले असतात. नसलेलं मिळालं तर बरं, पण त्यासाठी सुगंधावर तडजोड करू नका.

तिसरं पाणी:
रसायनींशी सहमत, पण माझ्या मते लेबलपेक्षा विसळण्यावर जास्त अवलंबून आहे. चांगल्यातलं डिटर्जंट अर्धवट विसळलं तर साध्यापेक्षा वाईट.

हाताने धुताना हा हिशेब बघा. दहा लिटरची बादली. घट्ट पिळलेल्या कपड्यांत एक लिटर साबणाचं पाणी राहिलं, वर नऊ लिटर स्वच्छ पाणी घातलं, की डिटर्जंट दहावा हिस्सा उरतं. तीन पाण्यांतून काढलं की हजारावा हिस्सा. आता तेच कपडे अर्धवट पिळले आणि तीन लिटर पाणी आत राहिलं, तर दर पाण्याला तीनदशांश उरतं आणि तीन पाण्यांनंतर हजारात सत्तावीस. पाणी जवळपास तेवढंच वापरलं, उरलेलं डिटर्जंट मात्र सत्तावीस पट. म्हणून चौथी बादली भरण्याआधी प्रत्येक पाण्यानंतर पिळा. पुरेसं न पिळणं हीच सगळ्यात मोठी चूक असते. सहा-सात लंगोटांना दहा लिटर पाण्यात एक लहान चमचा, म्हणजे ५ मिली लिक्विड पुरतं.

मशीनसाठी झाकणावरच्या खुणा बघून ओतू नका. मागे किती किलोसाठी किती मिली ते लिहिलेलं असतं, जड पाण्याचा रकानाही असतो. ४.५ किलोला ६० मिली असेल तर बाळाच्या दीड किलो कपड्यांना २० ते २५ मिली. हाताने धुण्याची पावडर पुढून दार असलेल्या मशीनमध्ये घालू नका. फेस जास्त झाला की कपडे त्याच्या गादीवर अलगद पडतात, आपटत नाहीत. मळ निघत नाही आणि फेसही निघत नाही. 'एक्स्ट्रा रिन्स'चं बटण आहे तर दाबा. एका वापराच्या कॅप्सूल पूर्ण मशीनभर कपड्यांच्या हिशेबाने असतात, बाळाच्या मूठभर कपड्यांना त्या जास्तच होतात. शिवाय घरात रांगतं मूल असेल तर त्या उंच कपाटात, कुलपात.

तपासायचं असेल तर वाळलेलं एक झबलं काचेच्या बरणीत कोमट पाण्यात बुडवा, झाकण लावून वीस-पंचवीस वेळा हलवा. मोठे बुडबुडे लगेच फुटले तर ठीक. वर बारीक फेसाची साय मिनिटभर टिकली तर डिटर्जंट उरलंय. मग ते कपडे डिटर्जंट न घालता कोमट पाण्यात मशीनमधून एकदा काढा.

चिमटे:
एवढ्या भानगडी कशाला? साबणाच्या वडीचा चुरा नैसर्गिक असतो, त्यानेच धुवा.

रसायनी:
मऊ पाणी असतं तर चाललं असतं. इथे पाणी जड आहे. साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून न विरघळणारा चिकट कीट होतो, तो कापडातच बसतो. चार-पाच धुण्यांनंतर लंगोट करडा आणि कडक होतो, ओल शोषत नाही. डिटर्जंटमध्ये कॅल्शियम बांधून ठेवणारे घटक असतात, म्हणून जड पाण्यात तेच बरं.

ओल शोषण्यावरून आठवलं, फॅब्रिक सॉफ्टनर नकोच. तो कापडावर मुद्दाम थर ठेवतो, लंगोट आणि टॉवेल पाणी धरेनासे होतात. कडकपणा घालवायला वाळत घालण्याआधी जोरात झटका, वाळल्यावर हाताने चोळा.

आणि शेवटच्या पाण्यात जंतुनाशक टाकण्याचा मोह आवरा. १९६७ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये एका प्रसूतिगृहात नवजात बाळं आजारी पडली आणि दोन दगावली. कारण निघालं लाँड्रीत वापरलेल्या द्रव्यातलं पेंटाक्लोरोफेनॉल हे जंतुनाशक. ते कपड्यांत राहून बाळांच्या त्वचेतून आत गेलं होतं. घरातली आजची जंतुनाशकं ती नव्हेत, पण तान्ह्या बाळाची त्वचा किती आत घेते ते यातून कळतं. डिटर्जंट, भरपूर विसळणं आणि पूर्ण वाळवणं इतकं निरोगी बाळाला पुरतं.

ओलावा:
छान कळलं. दोन शंका राहिल्या. बरेच कपडे मागच्या बाळाचे आहेत, डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवले होते. आणि पुढे अंगावर पुरळ आलंच तर डिटर्जंटचं आहे हे कसं ओळखायचं?

तिसरं पाणी:
ट्रंकेतल्या कपड्यांना हलक्यात घेऊ नका. डांबरगोळी म्हणजे बहुधा नॅफ्थलीन. जी-६-पीडी या शरीरातल्या एन्झाइमची कमतरता असलेल्या नवजात बाळात नॅफ्थलीनच्या वाफेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. कमतरता आहे की नाही हे जन्मापूर्वी सहसा माहीत नसतं. कपडे काही दिवस मोकळ्या हवेत उन्हात टांगा, मग धुवा, पुन्हा वाळवा. तरीही वास येत असेल तर ते पहिल्या महिन्यांत वापरू नका. वास झाकायला सुगंधी काही घालू नका.

वेगळं धुण्याचं म्हणाल तर बाळाचं डोकं ज्या खांद्यावर असतं त्या खांद्याचा कपडाही बाळाचाच धरा. सगळ्या घरालाच सुगंध नसलेलं डिटर्जंट लावलं तर वेगळं धुवायची गरज उरत नाही. शी झालेले लंगोट तेवढे आधी गार पाण्यात खळबळून घ्या. आधीच गरम पाणी घातलं की प्रथिनं गोठून डाग पक्का बसतो. मग एन्झाइमवाल्या डिटर्जंटच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. पिवळा डाग राहिला तर ओलाच उन्हात टाका. तो रंग बराचसा बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीत वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा असतो आणि प्रकाशाने मोडतो. काविळीच्या बाळाला दिव्याखाली ठेवतात तेही याचसाठी.

रसायनी:
पुरळाचं. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास लाल चट्ट्यांवर फिकट पुटकुळ्या येतात, त्या आपोआप जातात, त्यांचा धुण्याशी संबंध नाही. लंगोटाखालची लाली बहुधा शी-शूची. डिटर्जंटचा त्रास कापड घासतं तिथे दिसतो, जसं मान, काख, कमरेचं इलॅस्टिक. पू भरलेले फोड, ताप किंवा दूध न ओढणं यातलं काही दिसलं तर डिटर्जंट बदलत बसू नका, लगेच डॉक्टर.

बदलायचंच तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन आठवडे बघा. दिवस मोजायला मात्र सगळी झबली, चादरी, दुपटी नव्याने धुऊन झाल्यावर लागा, नाहीतर कपाटातल्या घड्यांत जुनं डिटर्जंट असतंच.