टुंड्रा हिरवा होतोय, पण त्यात समाधान मानायचं का?

उत्तरवाट

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा एका आतेभावाने लिहिलं, "ध्रुवाकडची ओसाड जमीन हिरवी होतेय, झाडं कार्बन शोषून घेतील, मग एवढं घाबरायचं कशाला?" तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून इथे धागा काढते. माझं मत आधीच सांगते: ही हिरवळ दिलासा देणारी नाही.

हिरवळ खोटी आहे असं मी म्हणत नाही. लँडसॅट उपग्रहांच्या १९८५ ते २०१६ च्या चित्रांत टुंड्रातल्या (म्हणजे ध्रुवाकडच्या, उंच झाडं नसलेल्या थंड माळरानातल्या) एक-तृतीयांशाहून जास्त ठिकाणी उन्हाळ्यातली हिरवाई वाढलेली दिसते. घटलेली ठिकाणं फारच थोडी. अलास्काच्या उत्तर भागाचे १९४० च्या दशकाअखेरीस विमानातून काढलेले फोटो आणि त्याच जागांचे पन्नास वर्षांनंतरचे फोटो शेजारी ठेवले, की खुजा बर्च (भूर्जाचा बुटका भाऊ), आल्डर आणि विलो यांची झुडपं दाट झालेली साध्या डोळ्यांनाही कळतात. (विलो म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचे भाऊबंद. तिकडे ते कुठे गुडघाभर, कुठे बोटभर.)

१९९० पासून आंतरराष्ट्रीय टुंड्रा प्रयोग चालू आहे. वरून उघडी असलेली पारदर्शक कुंपणं जमिनीवर ठेवायची. आतली हवा उन्हाळ्यात १ ते ३ अंशांनी तापते, मग आतल्या-बाहेरच्या झाडांची तुलना करायची. अलास्का, कॅनडा, स्वीडन, स्वालबार्ड (उत्तर ध्रुवाजवळची नॉर्वेची बेटं) अशा कितीतरी ठिकाणी हे झालंय. एकंदर कल असा की झाडोऱ्याची उंची वाढते, झुडपं पसरतात, उघडी जमीन कमी होते. शेवाळं आणि दगडफुलं मागे हटतात.

आता खाली बघा. कायम गोठलेल्या जमिनीच्या पट्ट्यातल्या मातीत साधारण दीड लाख कोटी टन कार्बन आहे, हवेत आहे त्याच्या जवळपास दुप्पट. माती वितळली की जिवाणू तो कुजवून हवेत सोडू लागतात. अलास्कात तूलिक तलावाजवळ १९८१ पासून काही तुकड्यांना नत्र आणि स्फुरद देत राहिले. वीस वर्षांत वरची वाढ दुप्पट झाली. तरीही हिशेब केला तेव्हा दर चौरस मीटरमागे जवळपास २ किलो कार्बन निघून गेला होता, मुख्यतः खोल थरांतून. वरचं पीक जोमात आणि खालचं भांडार रिकामं! उपग्रहाला यातलं फक्त वरचं दिसतं.

कातळकडा

तळमळ पोचली, पण निष्कर्ष पटला नाही. तूलिकचा तो प्रयोग खताचा आहे, तापमानाचा नाही. त्याच तूलिकला प्लास्टिकची छोटी हरितगृहं उभारून वीस वर्षं नुसती उष्णता वाढवली, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. झुडपं वाढली, मातीतली जीवसृष्टी बदलली, पण मातीतल्या एकूण कार्बनमध्ये फरक सापडला नाही. हा प्रयोग तुमच्या लेखात का नाही?

दुसरं, सायबेरियात इंडिगिर्का नदीच्या खोऱ्यात कितालिक येथे संशोधकांनी खुजा बर्च मुद्दाम कापून टाकला. सावली गेल्यावर उन्हाळ्यात जमीन जास्त खोलवर वितळली. पुढच्या काही वर्षांत तिथली माती खचली, पाणी साचलं आणि त्या डबक्यांतून मिथेन हा तापमान वाढवणारा वायू निघू लागला. म्हणजे झुडूप ही त्या गोठलेल्या जमिनीवरची छत्री आहे. वाढत्या झाडांनाच गुन्हेगार ठरवू नका. तापमान आपण वाढवलं, झाडं त्याला जमेल तसा प्रतिसाद देतायत.

उत्तरवाट

२०१३ चा प्रयोग वगळायला नको होता, मान्य. आणि झाडांना मी गुन्हेगार म्हटलेलं नाही.

पण तुमची छत्री फक्त उन्हाळ्याची झाली. हिवाळ्यात तेच झुडूप वाऱ्याने उडणारा बर्फ अडवतं, त्याचा जाड थर साचतो आणि ती होते गोधडी. गोधडीखाली मातीला उणे तापमानाचा पुरता कडाका लागत नाही, जिवाणू हिवाळ्यातही काम करत राहतात, अन्नद्रव्यं सुटतात आणि वसंतात झुडूप आणखी फोफावतं. तिथला हिवाळा आठ-नऊ महिन्यांचा. छत्री तीन महिने आणि गोधडी नऊ महिने, मग पारडं कुठे झुकेल?

कातळकडा

महिने मोजून पारडं ठरत नाही. जमीन किती खोल वितळते हे उन्हाळ्यात ठरतं. शिवाय बर्फ अडवण्याइतकं उंच झुडूप सगळीकडे आहेच कुठे?

काळी माती

मी लातूरकडचा शेतकरी, टुंड्रा फक्त चित्रात पाहिलाय. पण ताईंनी सांगितलेला खताचा प्रयोग वाचून काळजात चर्र झालं. नत्राचा मारा आणि ऊन, दोन्ही मिळून सेंद्रिय कर्ब खातात हे आम्ही स्वतःच्या वावरात भोगलंय. आजोबांच्या काळी माती हातात घेतली की भुसभुशीत लागायची. आता माती परीक्षणाच्या कागदावर कर्बाचा आकडा वाचवत नाही. तिकडे नेमकं किती नत्र घातलं होतं?

कातळकडा

वर्षाला चौरस मीटरमागे १० ग्रॅम नत्र आणि ५ ग्रॅम स्फुरद.

काळी माती

म्हणजे हेक्टरी १०० किलो नत्र! हा तर आपल्या बागायती गव्हाचा डोस झाला. जिथे गवताला वर्षभर मूठभर नत्र मिळायची मारामार, तिथे एवढं? मग ताई, या बाबतीत कातळकडांचं बरोबर वाटतं. नुसत्या उबेने तेवढं नत्र एकदम सुटणार नाही. पण एक आहे, वितळलेल्या मातीतून नत्र सुटणारच. खत वेगळं आणि ऊब वेगळी असं कप्पेबंद धरू नका. ऊब हेच तिथलं खत, फक्त हळूहळू मिळणारं.

उत्तरवाट

दादा, हे मला इतकं नेमकं मांडता आलं नसतं. डोसचा मुद्दा मान्य. तो प्रयोग म्हणजे आजचं चित्र नव्हे, दिशा दाखवणारं टोक आहे.

फ्योर्डकाठ

सहा वर्षं उत्तर नॉर्वेत ट्रॉम्सोला राहते. तुम्ही दोघंही कार्बनच्या वहीत अडकलाय, म्हणून लिहितेय. इथे प्रश्न "कोण वाढलं" एवढाच नसतो, "कोणाच्या जागी वाढलं" हा असतो. झुडपांच्या सावलीत आणि पाचोळ्याखाली पहिली जातात ती दगडफुलं. आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच्याच नात्यातली, फिकट राखाडी, झुबकेदार. रेनडिअरचं हिवाळ्यातलं मुख्य खाणं तेच, आणि सामी (इथले मूळ रहिवासी) कळपवाल्यांचं वर्ष त्या खाण्याभोवती फिरतं. हिरवळ वाढली म्हणून त्यांना चारा वाढला असं होत नाही. बर्चचं पान उन्हाळ्यात चालतं, जानेवारीत त्याचा काय उपयोग?

आणि ऊब नेहमी हिरवंच करते असंही नाही. डिसेंबर २००७ मध्ये उत्तर स्कँडिनेव्हियात काही दिवस अवेळी ऊब आली, बर्फ वितळला, मग पुन्हा कडाका पडला. पांघरूण गेलेली क्रोबेरीची झुडपं करपली. पुढच्या उन्हाळ्यात हजारावर चौरस किलोमीटरचा पट्टा तपकिरी दिसत होता. कुंपणांचे बहुतेक प्रयोग उन्हाळा तापवतात, हिवाळ्यातले हे धक्के त्यांत सापडत नाहीत.

कातळकडा

हिवाळ्याचा मुद्दा सरळ मान्य. पण चरणाऱ्या जनावरांमुळेच माझी आशा टिकून आहे. पश्चिम ग्रीनलंडमध्ये कांगेरलुसुआकजवळ काही तुकडे तापवले, काहींना जनावरांपासून कुंपण घातलं. जिथे कॅरिबू (रेनडिअरच) आणि मस्कऑक्स हे केसाळ चरणारे प्राणी चरत होते तिथे ऊब देऊनही झुडपं तेवढी वाढली नाहीत. म्हणजे सगळं तापमानाने आधीच लिहून ठेवलेलं नाही. कळप टिकले, त्यांच्या वाटा खाणींनी आणि रस्त्यांनी तोडल्या नाहीत, तर टुंड्रा टुंड्रासारखा राहू शकतो.

झुआरी

वास्कोहून लिहितोय. आमच्या इथल्या ध्रुवीय संशोधन केंद्रामार्फत स्वालबार्डवर हिमाद्री हे भारताचं स्थानक २००८ पासून चालतं, म्हणून एक भर. स्वालबार्डवर उंच झुडपांचा प्रश्नच जवळपास नाही, तिथला ध्रुवीय विलो जमिनीला चिकटून काही सेंटिमीटर वाढतो. आणि ईशान्य ग्रीनलंडमध्ये झाकेनबर्गला १९९६ पासूनच्या नोंदींत पहिल्या दहा वर्षांतच काही झाडांचा बहर दोन-तीन आठवडे अलीकडे आला. एकाच टुंड्रात कुठे उंची बदलते, कुठे वेळ. उत्तरवाट, तुमच्या आतेभावाला "टुंड्रा" असा एकच शब्द वापरून उत्तर देऊ नका.

उत्तरवाट

नाही देणार. हिरवळ दिलासा नाही हे मत मात्र तसंच आहे, उलट फ्योर्डकाठ यांच्या दगडफुलांनी ते घट्ट झालं. त्यांना एक विचारायचंय: तापमान वाढायचं थांबलं आणि कळपही टिकले, तर गेलेली दगडफुलं परत येतात का?

फ्योर्डकाठ

येतात, पण वर्षाला काही मिलिमीटर एवढीच त्यांची वाढ. जळालेल्या किंवा पार खुरटलेल्या जागी रेनडिअरला पोटभर मिळेल इतका थर जमायला काही दशकं जातात. इथल्या एका कळपवाल्या आजोबांनी मला एक माळ दाखवला होता. त्यांच्या लहानपणी तो पांढराफटक असायचा, म्हणाले. आम्ही उभे होतो तिथे कमरेएवढा बर्च होता.