‘गिल्ड’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा

इटलीतल्या मध्ययुगीन फ्लॉरेन्सच्या नगरकारभारावरचा एक लेख मराठीत आणते आहे. अडकले आहे ‘गिल्ड’पाशी, म्हणजे एका धंद्यातल्या लोकांच्या संस्थेपाशी. वाक्य साधारण असं आहे: ‘ज्याचं नाव कोणत्याही गिल्डच्या वहीत नाही, त्याला शहराच्या राज्यकारभारात जागा नाही.’ ‘संघ’ लिहिलं की कामगार संघटना डोळ्यांसमोर येते, ‘मंडळ’ म्हटलं की गणपती आणि भजनं. आणखी एक शंका, ‘जर्नीमन’चं, म्हणजे उमेदवारी संपवून उस्तादाकडे मजुरीनं काम करणाऱ्याचं, ‘प्रवासी कारागीर’ असं भाषांतर सापडलं, ते बरोबर आहे का?

प्रतिसाद

ताई, ‘ज्ञाती’ किंवा सरळ ‘जात’ का नको? धंद्याप्रमाणे गट, आपले नियम आपण करायचे, बाहेरच्याला आत घ्यायचं नाही. आपल्या वाचकाला लगेच कळेल.

प्रतिसाद

‘जात’ कृपा करून लिहू नका. कळेल खरं, पण चुकीचं कळेल. गिल्डमध्ये माणूस जन्मानं जात नव्हता. शुल्क भरून, शपथ घेऊन, वहीत नाव घालून जात होता. मालकाच्या मुलाला सवलत मिळे, हे खरं. तरी दार बाहेरच्याला बंद नव्हतं. सगळ्यात बोलकं उदाहरण कवी दान्तेचं. तो वैद्यही नव्हता आणि औषधं विकणाराही नव्हता, तरी त्यानं वैद्य आणि औषधविक्रेत्यांच्या गिल्डमध्ये नाव घातलं. कारण राजकारणात पडायचं होतं. १२९३च्या कायद्यानं मोठ्या सरदार घराण्यांना शहराच्या सर्वोच्च मंडळातून बाहेर काढलं आणि प्रत्यक्ष धंदा करणाऱ्यालाच त्या मंडळात बसता येईल असं ठरवलं. १२९५ साली ती अट सैल झाली. नुसतं नाव नोंदवलेलं असलं तरी चालू लागलं. पाच वर्षांनी, १३०० च्या उन्हाळ्यात, दान्ते दोन महिन्यांसाठी त्या मंडळावर होता. आता ‘दान्तेनं वैद्यांची जात स्वीकारली’ असं वाक्य लिहून बघा.

शब्दाचं मूळही ताईंच्या कामाचं आहे. ‘गिल्ड’ ज्या जुन्या जर्मानिक शब्दावरून आला त्याचा अर्थ देणं, भरणा. जर्मन भाषेत पैशाला आजही ‘गेल्ड’ म्हणतात. म्हणजे मुळात वर्गणी भरणाऱ्यांचा गट. फ्लॉरेन्सचे लोक स्वतः मात्र हा शब्द वापरत नव्हते. ते ‘आर्ते’ म्हणत, म्हणजे कसब, हुन्नर. अशा एकवीस आर्ते होत्या. सात थोरल्या: कायदेपंडित व लेखनिक, परदेशी कापडाचे व्यापारी, सराफ, लोकरवाले, रेशीमवाले, वैद्य व औषधविक्रेते, फरवाले. चौदा धाकट्या, त्यांत खाटीक, लोहार, चांभार, सुतार वगैरे.

माझं मत ‘श्रेणी’ला आहे. हा शब्द आपण उसना आणत नाही. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात नाशिकजवळच्या गोवर्धनच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण (तेव्हाची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. दोन हजार एका कोष्ट्यांच्या श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजानं, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजानं, आणि व्याजातून भिक्षूंची वस्त्रं व इतर खर्च. धंदेवाल्यांची संस्था, तिची पत, तिचा हिशेब, सगळं या शब्दात आधीच आहे. त्यात नाही ते राज्य करणं. नाशिकच्या श्रेणीनं नाशिकवर राज्य केलं नाही. फ्लॉरेन्सच्या श्रेण्यांनी केलं. म्हणून पहिल्यांदा शब्द येईल तिथे एक ओळ खुलाशाची घालाच.

विचारणा करणारी

‘श्रेणी’ पटलं. पण शाळेतली ‘अ श्रेणी’ आठवणार नाही का?

प्रतिसाद

‘लोकरवाल्यांची श्रेणी’ असं धंद्यासकट लिहिलं की नाही आठवत. ‘संघ’ टाळायला हवा, याचं कारण तुम्ही सांगितलं त्याहून मोठं आहे. गिल्ड ही कामगारांची नव्हती, मालकांची होती. लोकरवाल्यांच्या श्रेणीत कापड काढणारे कारखानदार आणि व्यापारी. लोकर पिंजणारे, विंचरणारे, धुणारे हजारो हात तिच्या हुकमाखाली होते. श्रेणीचं स्वतःचं न्यायालय त्यांना शिक्षा करू शके, पण ते श्रेणीचे सभासद नव्हते आणि त्यांना आपली वेगळी संघटना करायलाही बंदी होती. १३७८ च्या जुलैमध्ये हेच लोक उठले. ‘चोम्पी’ म्हणत त्यांना. त्यांनी सरकारवाडा ताब्यात घेतला. मिकेले दि लान्दो हा लोकर पिंजणारा शहराचा प्रमुख झाला. आणि त्यांनी मागितलं काय? आमचीही श्रेणी हवी. तीन नव्या श्रेण्या मिळाल्या. चोम्पींची स्वतःची काही आठवड्यांतच मोडली गेली, उरलेल्या दोन १३८२ मध्ये. इथे ‘संघ’ लिहिलंत तर ‘कामगारांनी संघाविरुद्ध उठाव केला’ असं होईल आणि वाचक गोंधळून जाईल. मला हा सगळा प्रसंग वाचताना दर वेळी हलायला होतं. ज्या संस्थेनं त्यांना चिरडलं, तशीच आपली एक असावी एवढंच त्यांचं मागणं होतं.

प्रतिसाद

मी गोव्याची. ताई, लेखात ‘कम्यून’ही येत असेल ना? आमच्याकडे ‘कोमुनिदाद’ आहे, गावकारी. पोर्तुगीजांनी दिलेलं नाव, आणि लॅटिन मूळ तेच, ‘सामायिक’. तो शब्द वापरता येईल का?

प्रतिसाद

मूळ तेच हे अगदी खरं, बाई. पण गावकारी म्हणजे गावच्या जमिनीवरचा सामायिक हक्क, आणि गावकारपण बापाकडून मुलाकडे येतं. इटलीतलं कम्यून शपथेनं उभं राहिलं. शहरवासीयांनी एकमेकांना साथ देण्याची आण घेतली आणि बिशपच्या किंवा सम्राटाच्या हातून कारभार आपल्याकडे घेतला. मी ‘शपथबद्ध नगर’ लिहीन आणि कंसात ‘कम्यून’. नुसतं ‘कम्यून’ नको, त्याला विसाव्या शतकाचा रंग चढलाय. गावकारीचा उल्लेख तळटीपेत मात्र जरूर यावा, गोव्याच्या वाचकाला तो धागा लगेच सापडेल.

आता ‘जर्नीमन’. इथे प्रवास नाही. फ्रेंच ‘जुर्ने’ म्हणजे दिवसभर, दिवसाचं काम. तेव्हा आपला ‘रोजंदार’ शब्द नेमका बसतो, रोज म्हणजेच दिवस. जर्मन मुलुखात असे कारागीर पुढे खरोखरच गावोगाव हिंडून काम शिकत, त्यामुळे तिथल्यापुरतं ‘फिरस्ता कारागीर’ चालेल. फ्लॉरेन्ससाठी उस्ताद, रोजंदार, उमेदवार ही उतरंड ठेवा. ‘शिष्य’ नको, गुरुकुल वाटतं.

प्रतिसाद

एक भर. ‘सिटिझन’ला डोळे मिटून ‘नागरिक’ लिहू नका. शहरात राहणारा प्रत्येक जण तिथे नागरिक नव्हता. जिथे नुसती वस्ती अभिप्रेत आहे तिथे ‘रहिवासी’, आणि हक्क व कर दोन्ही असलेल्यालाच ‘नागरिक’. ‘कर्फ्यू’ आला तर तिथेही सांभाळून. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘विस्तव झाका’. रात्रीची घंटा झाली की चुली राखेनं झाकायच्या, कारण घरं लाकडाची. ‘संचारबंदी’ लिहिलंत तर चूल जाते आणि पोलीस येतात. ‘विस्तव झाकायची घंटा’ लिहा.

विचारणा करणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य आता असं केलं: ‘ज्याचं नाव एखाद्या श्रेणीच्या वहीत नाही, तो फ्लॉरेन्सचा रहिवासी असेल, कारभारी होऊ शकत नसे.’

प्रतिसाद

‘असेल’ काढा, ‘असला तरी’ करा. बाकी उत्तम.