क्रॉनबाख म्हणजे फक्त अल्फा?

मोजपट्टी
'अल्फा ०.८२ आला, सबब चाचणी विश्वसनीय' या एका ओळीत एम.एड.चे प्रबंध अमेरिकन शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबाख (१९१६–२००१) यांना गुंडाळून टाकतात. (अल्फा म्हणजे चाचणीतले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात, यावरून काढलेला विश्वसनीयतेचा आकडा; १च्या जितका जवळ तितका चांगला मानतात.) हा त्यांच्यावर अन्याय आहे. १९५१च्या लेखातलं ते सूत्र गटमन यांनी १९४५ सालीच मांडलं होतं. चूक-बरोबर प्रश्नांसाठी कुडर-रिचर्डसन यांचं सूत्र तर १९३७पासून होतं. सूत्राला आपलं नाव चिकटल्याचा क्रॉनबाख यांना संकोच वाटे. निधनानंतर २००४ साली छापल्या गेलेल्या लेखात त्यांनी तसं लिहिलंय, आणि अल्फापेक्षा मापनाची प्रमाण त्रुटी (मोजण्यातल्या चुकीमुळे गुण साधारण किती मागेपुढे होतात, तो आकडा) महत्त्वाची, असंही. त्यांचं खरं काम १९७२चं: ग्लेसर, नंदा आणि राजरत्नम यांच्याबरोबर मांडलेला सामान्यीकरणक्षमतेचा सिद्धान्त. गुणांमधली चूक प्रश्नांमुळे किती, परीक्षकामुळे किती, याची फोड त्यात होते. अहवालांतून अल्फा काढा, प्रमाण त्रुटी द्या.

खडूफळा
असहमत. प्रमाण त्रुटी काढायला विश्वसनीयतेचा आकडा लागतोच. गुणांचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) १०, अल्फा ०.८४, तर १० × √(१ − ०.८४) = १० × √०.१६ = ४ गुण. अल्फाच फेकलात तर हे ४ आणणार कुठून?
अल्फा शाळेतल्या शिक्षकाला जमतो. एक्सेलमध्ये प्रत्येक प्रश्नाचं विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) काढायचं, त्यांची बेरीज एकूण गुणांच्या विचरणाने भागायची, १ मधून वजा करायची, आणि प्रश्न २० असतील तर २०/१९ ने गुणायचं. परीक्षा एकदाच घेतली तरी भागतं. तुमच्या फोडीसाठी तेच पेपर दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेले हवेत. फेरतपासणी करणाऱ्यासमोर आधीचे गुण लाल शाईत दिसत असतात. तो स्वतंत्र आकडा नव्हेच.

मोजपट्टी
त्या ४ गुणांत प्रश्नांच्या निवडीची चूक आली, परीक्षकाची नाही. सगळे प्रश्न एकाच परीक्षकाने तपासले आणि सुवाच्य अक्षरावर त्याची मेहेरनजर असली, तर ती प्रत्येक प्रश्नात उतरते. प्रश्नांचे गुण एकमेकांशी जास्त जुळतात आणि अल्फा *वाढतो*. पक्षपात वाढला, की आकडा सुधारला!
फोडीचा उपयोग बघा. समजा, विद्यार्थ्यांमधल्या खऱ्या फरकाचं विचरण ४०, विद्यार्थी-प्रश्न (कुणाला कुठला प्रश्न जमतो, त्यातला फरक) ४८, विद्यार्थी-परीक्षक (कुठला परीक्षक कुणाला झुकतं माप देतो, तो फरक) ६, उरलेलं २४. पहिल्याला प्रश्नांच्या संख्येने, दुसऱ्याला परीक्षकांच्या संख्येने, उरलेल्याला दोन्हींच्या गुणाकाराने भागायचं; गुणांक म्हणजे खरा फरक भागिले (खरा फरक + चूक). चार प्रश्न, दोन परीक्षक: चूक १२+३+३ = १८, गुणांक ४०/५८ = ०.६९. आठ प्रश्न, एक परीक्षक: ६+६+३ = १५, गुणांक ४०/५५ = ०.७३. दोन्हीकडे दर विद्यार्थ्यामागे आठच उत्तरं तपासायची. म्हणजे इथे दुसरा परीक्षक नेमण्यापेक्षा प्रश्न वाढवणं फायद्याचं. हे अल्फा कधीच सांगणार नाही.

दशमान
दोघांकडून एक गोष्ट सुटतेय. वेळ कमी पडणाऱ्या चाचणीत अल्फा सरळ फसवतो. ४० पैकी शेवटचे ८ प्रश्न अनेकांकडून सुटले, की ते शून्यांचे गठ्ठे एकमेकांशी जुळतात आणि अल्फा फुगतो. अशा वेळी चाचणीचे दोन समतुल्य भाग करून प्रत्येकाला वेगळी वेळ द्यावी, दोन्ही गुणांचा सहसंबंध (ते एकमेकांशी किती जुळतात, तो आकडा) काढावा. तो ०.६० आला, तर स्पिअरमन-ब्राउन सूत्राने पूर्ण चाचणीची विश्वसनीयता २ × ०.६० / १.६० = ०.७५.
लांबीचंही तेच. प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध ०.३ असेल, तर ५ प्रश्नांचा प्रमाणित अल्फा (या सरासरी सहसंबंधावरून काढलेला) ०.६८, २० प्रश्नांचा ०.९०. प्रश्नांचा दर्जा तसूभरही बदललेला नसतो. 'अल्फा ०.७०च्या वर, म्हणजे चाचणी चालेल' ही सरसकट सीमारेषा म्हणूनच निरर्थक आहे.

खडूफळा
अक्षराचा मुद्दा पटला. निबंधवजा पेपरला नुसता अल्फा देऊ नये, मान्य. पण पुरेसा वेळ दिलेल्या बहुपर्यायी चाचणीत परीक्षकाचा प्रश्नच नाही. तिथे अल्फा राहू दे, सोबत प्रमाण त्रुटी द्या. आणि निबंधवजा पेपरची फोड करायचीच, तर तपासणीआधी ३० उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स काढा, नावं झाका, दोन्ही परीक्षकांना गुण वेगळ्या तक्त्यावर प्रश्नवार लिहायला सांगा. नुसत्या एकूण बेरजेवरून तुमची फोड होणार नाही.

मोजपट्टी
प्रश्नवार हवेतच. आणि दोघांनीही *सगळे* प्रश्न तपासायचे. निम्मे एकाने, निम्मे दुसऱ्याने तपासले, तर प्रश्नाची चूक आणि परीक्षकाची चूक एकमेकांत मिसळतात, मग ती वेगळी काढता येत नाही.