फडणवीसांच्या निवडणुकांचा पूर्ण हिशोब कोणी सांगेल का? (नागपूर दक्षिण-पश्चिम)

त्रिमूर्तीनगरवाला

नमस्कार मंडळी. मुलगी अकरावीत आहे, कॉलेजात प्रोजेक्ट मिळालाय, "आपल्या भागाचा लोकप्रतिनिधी : राजकीय प्रवास आणि निवडणुका". आम्ही राहतो त्रिमूर्तीनगरला, म्हणजे आमचे आमदार देवेंद्र फडणवीस, तेच मुख्यमंत्रीही, त्यामुळे तिला वाटलं माहिती ढिगाने मिळेल. मिळतेही आहे पण सगळी एकमेकांत गुंतलेली. एका ठिकाणी म्हणतात १९९९ पासून एकाच मतदारसंघातून सलग जिंकतात, दुसरीकडे २००९ पासून म्हणतात. मुख्यमंत्री दोनदा झाले की तीनदा यावरही घरात वाद झाला, माझे सासरे म्हणतात दोनदा, मी म्हणतो तीनदा. आणि सगळ्यात मोठा वाद लीडवरून. २०१४ ला जवळपास ५९ हजारांचं लीड होतं, २०२४ ला ४० हजारांच्याही आत आलं, म्हणून सासरे म्हणतात लोकांनी मतं देणं कमी केलं. मुलीने तसंच लिहून टाकलंय. मला ते पटत नाही पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाहीये.

बाजूने किंवा विरोधात असं काही नको, तिला फक्त खरं लिहायचंय. जुन्या नागपूरकरांनी महापालिकेच्या काळाचं सांगितलं तर फार बरं होईल, कारण तिने सुरुवातच २०१४ च्या शपथविधीपासून केली आहे.

---

धरमपेठेतला_जुना

भाऊ, पोरीले सांग का २०१४ पासून सुरुवात करशील तर अर्धी गोष्ट हातातून जाईल. आमी हे सारं डोळ्यानं पाह्यलं आहे.

घरातूनच सुरुवात आहे. वडील गंगाधरराव जनसंघाचे, मग भाजपचे, विधान परिषदेवर आमदार होते. आणीबाणीत त्यायले जेलात टाकलं होतं. तेव्हा देवेंद्र लहान पोरगा, इंदिरा कॉन्व्हेंटमधे होता, तर ज्या बाईनं माया बापाले जेलात टाकलं तिच्या नावाच्या शाळेत मी जात नाही असं म्हणून शाळा बदलली, सरस्वती विद्यालयात गेला. हे इकडे साऱ्यायले माहीत आहे. वडील लवकर गेले. काकू शोभाताई फडणवीस, त्या चंद्रपूरकडच्या सावलीच्या आमदार अन् युती सरकारात मंत्री होत्या. म्हणजे राजकारण घरात होतंच, पण तिकीट मिळाल्यावर वॉर्डात फिरा लागतेच ना, ते त्यानं केलं.

१९९२ मधे रामनगर वॉर्डातून नगरसेवक. त्याच वर्षी लॉ कॉलेजची डिग्री. वय बावीसच्या आसपास! १९९७ मधे पुन्हा नगरसेवक अन् त्याच टर्ममधे महापौर, सत्ताविसाव्या वर्षी. नागपूरचा सगळ्यात तरुण महापौर. पण एक गोष्ट पोरीच्या वहीत पक्की लिहून घे, महापौर लोक निवडत नाही, नगरसेवक निवडतात. महापौरपदाची निवडणूक लोकायच्या मतानं जिंकली असं लिहिलं तर मास्तर लाल गोल मारतील.

मग १९९९ ची विधानसभा, नागपूर पश्चिम. ही जागा त्याच्या आधी विनोद गुडधे पाटलांची होती, भाजपचेच, १९९० अन् १९९५ मधे निवडून आले, मंत्रीही झाले. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा येते. २००४ मधे समोर रणजित देशमुख होते, काँग्रेसचे. प्रदेश काँग्रेसचं अध्यक्षपद सांभाळलेला माणूस, लहान नाव नाही. त्या वक्ताले आमच्या गल्लीत रात्री अकरा अकरापर्यंत लोक ओट्यावर बसून हिशोब करत होते कोणती पेटी कुकडे जाईल. फडणवीस निघाले. माझ्या मतानं २००४ ची ही निवडणूक त्यायची खरी परीक्षा होती, २०१४ ची नाही.

---

आकड्यांची_वही

काकांनी जुनं छान सांगितलं. मी लीडवाल्या प्रश्नाकडे येतो, कारण ही चूक टीव्हीवर बसणारे लोकही करतात आणि मला ते ऐकून दर वेळी वाईट वाटतं.

लीड म्हणजे दोन आकड्यांमधला फरक, त्यामुळे दोन्ही आकडे लिहिल्याशिवाय लीडला काही अर्थ नाही. २००९ ला फडणवीसांना ८९,२५८ आणि काँग्रेसच्या विकास ठाकरेंना ६१,४८३, फरक २७,७७५. २०१४ ला १,१३,९१८, समोर काँग्रेसचे प्रफुल्ल गुडधे ५४,९७६, फरक ५८,९४२. २०१९ ला १,०९,२३७, समोर काँग्रेसचे आशिष देशमुख ५९,८९३, फरक ४९,३४४. आणि २०२४ ला १,२९,४०१, समोर परत प्रफुल्ल गुडधे, ८९,६९१, फरक ३९,७१०.

आता फक्त फडणवीसांचा कॉलम वरून खाली वाचा. २०१९ ला साडेचार हजारांच्या आसपास मतं खरंच कमी झाली, तेवढं सासऱ्यांचं बरोबर. पण २०२४ ला २०१९ पेक्षा वीस हजारांहून जास्त वाढली, चारही निवडणुकांत सगळ्यात जास्त मतं त्यांना २०२४ लाच आहेत. मग लीड का घटलं? कारण दुसरा कॉलम. गुडधेंना २०१४ ला जेवढी मिळाली त्यापेक्षा २०२४ ला जवळजवळ ३५ हजार जास्त मिळाली. तोच उमेदवार, तोच पक्ष, तोच मतदारसंघ, मध्ये दहा वर्षं. म्हणजे इथे विरोधातली मतं एका जागी गोळा झाली असं लिहा, "मतं कमी झाली" असं लिहू नका. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

२०१४ चं लीड एवढं मोठं का होतं त्यालाही कारण आहे. त्या वर्षी सप्टेंबरात युतीही तुटली आणि आघाडीही तुटली, भाजप, शिवसेना, काँग्रेस, राष्ट्रवादी सगळे वेगवेगळे लढले, विरोधातली मतं वाटली गेली. २०२४ ला तसं नव्हतं, महाविकास आघाडीचा एकच उमेदवार होता. अशा दोन निवडणुकांची लीड शेजारी ठेवून निष्कर्ष काढायचा म्हणजे टेस्ट मॅचचा स्कोअर ट्वेंटी-ट्वेंटीशी ताडून पाहण्यासारखं आहे.

---

सक्करदरा_एक्सप्रेस

वरचे दोन्ही रिप्लाय मस्त. एक मुद्दा राहिला, "१९९९ पासून एकाच मतदारसंघातून" हे चूक आहे. १९९९ आणि २००४ नागपूर पश्चिम, २००९ पासून नागपूर दक्षिण-पश्चिम. मतदारसंघांची पुनर्रचना झाली त्यात नागपूर शहराच्या विधानसभेच्या जागा ५ च्या ६ झाल्या, आधी उत्तर, पूर्व, दक्षिण, मध्य आणि पश्चिम होत्या, त्यात दक्षिण-पश्चिम नवीन आली, क्रमांक ५२. लोकसंख्येप्रमाणे शहराला जागा वाढली पण पूर्ण विदर्भाच्या मात्र ६६ वरून ६२ झाल्या, हे मला आजही खटकतं आणि मुलीने एक ओळ तरी यावर लिहावी असं मला मनापासून वाटतं, कारण विधानसभेत आपला आवाज तेवढ्याने कमी झाला.

आता उमेदवारांची गंमत बघा, ही प्रोजेक्टमध्ये घातली तर वाचणारे थांबून वाचतील. २००४ ला हरले रणजित देशमुख आणि २०१९ ला हरले आशिष देशमुख, हे त्यांचेच चिरंजीव, म्हणजे बाप आणि मुलगा दोघंही पंधरा वर्षांच्या अंतराने त्याच माणसाकडून हरले. आणि आशिष देशमुख तर २०१४ ला भाजपकडूनच काटोलचे आमदार होते, काका अनिल देशमुखांना हरवून आले होते, मग भाजप सोडली, काँग्रेसकडून फडणवीसांविरुद्ध लढले, मग परत भाजपमध्ये आले आणि २०२४ ला सावनेरमधून निवडून आले. धरमपेठेच्या काकांनी विनोद गुडधे पाटलांचं नाव लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी की प्रफुल्ल गुडधे त्यांचे चिरंजीव. ज्या भाजपच्या आमदाराची जागा १९९९ ला फडणवीसांना मिळाली त्यांचा मुलगा काँग्रेसकडून दोनदा त्यांच्यासमोर उभा राहिला. आणि विकास ठाकरे २००९ ला इथे हरले, २०१४ ला पश्चिममधून हरले, पण थांबले नाहीत, २०१९ ला पश्चिममधून आमदार झाले आणि २०२४ ला पुन्हा. मधल्या काळात २०२४ ची लोकसभा गडकरींविरुद्ध लढून हरले तरीही. जिंकणाऱ्याबद्दल सगळे लिहितात, हरून परत उभं राहणाऱ्याबद्दल पण लिहायला सांगा हो तिला.

---

त्रिमूर्तीनगरवाला

वा! सासऱ्यांना दोन्ही कॉलम वाचून दाखवले. चष्मा लावून स्वतः वजाबाकी केली आणि मग म्हणाले बरोबर आहे. मुलीने ते पान फाडून नव्याने लिहायला घेतलंय.

आता मुख्यमंत्री दोनदा की तीनदा ते सांगा. आणि "आतापर्यंत कधीच हरले नाहीत" असं लिहिलं तर चालेल का?

---

सक्करदरा_एक्सप्रेस

तीनदा. तुम्ही जिंकलात दादा.

पहिल्यांदा ३१ ऑक्टोबर २०१४, वानखेडे स्टेडियमवर शपथ. भाजपला १२२ जागा होत्या आणि २०१३ पासून प्रदेशाध्यक्ष हेच होते. ती टर्म पूर्ण केली आणि हे महत्त्वाचं आहे, कारण महाराष्ट्रात पूर्ण पाच वर्षं मुख्यमंत्रीपद सांभाळणारे त्यांच्या आधी फक्त वसंतराव नाईक, तेही पुसदचे, म्हणजे दोघंही विदर्भातले. मारोतराव कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक आणि फडणवीस, विदर्भाने हे चार मुख्यमंत्री दिले. त्यात नागपूर शहराचे फक्त फडणवीस.

दुसऱ्यांदा २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळी सकाळी झालेली शपथ, अजित पवारांसोबत. आम्ही झोपेतून उठलो तर टीव्हीवर शपथ होऊन गेली होती. सुप्रीम कोर्टाने बहुमत सिद्ध करायला सांगितलं आणि २६ तारखेला राजीनामा. कितीही कमी दिवस असले तरी शपथ झाली, पद मिळालं, राजीनामाही मुख्यमंत्री म्हणूनच दिला, तर मोजायला हवं. सासरे बहुतेक हीच सोडून देत असतील.

मग विरोधी पक्षनेते, २०२२ च्या जूनपर्यंत. ३० जून २०२२ ला त्यांनीच एकनाथ शिंदेंचं नाव मुख्यमंत्री म्हणून जाहीर केलं, मी सरकारबाहेर राहणार असं सांगितलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी पक्षाच्या आदेशावरून उपमुख्यमंत्रीपदाची शपथ घेतली. पाच वर्षं मुख्यमंत्री राहिलेल्या माणसाने एक पायरी खाली येऊन काम करणं सोपं नसतं, मला तरी त्यांच्या पूर्ण प्रवासात हा दिवस सगळ्यात अवघड वाटतो. तिसऱ्यांदा ५ डिसेंबर २०२४, आझाद मैदान. त्यानंतर १५ डिसेंबरला मंत्र्यांचा शपथविधी आपल्या नागपूरच्या राजभवनात झाला, हिवाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, हे मुलीने जरूर लिहावं.

---

आकड्यांची_वही

"कधीच हरले नाहीत" याबद्दल. स्वतःच्या विधानसभेच्या सहा निवडणुका, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४, सहाही जिंकल्या, एवढं लिहा. त्यापुढे जाऊन पक्षाचं यश-अपयश त्यात मिसळू नका. राज्यात भाजप २०१४ ला १२२, २०१९ ला १०५, २०२४ ला १३२. आणि मध्ये २०२४ च्या लोकसभेत २३ वरून ९ खासदारांवर आली होती, तेव्हा फडणवीसांनी जबाबदारी घेऊन सरकारमधून मोकळं करा असं पक्षाला सांगितलं होतं. पाच महिन्यांनी विधानसभेत १३२. हे दोन्ही लिहिलं तर प्रोजेक्ट खरं होईल, एकच लिहिलं तर पोस्टर होईल.

---

धरमपेठेतला_जुना

यात माझं एक जोडा. गंगाधरराव ज्या विधान परिषदेवर होते ती नागपूर पदवीधरची जागा. पुढे तिथून गडकरी वर्षानुवर्षं निवडून येत गेले. गडकरी आजही गंगाधररावायले मानतात. ती जागा म्हणजे भाजपचा किल्ला, कोणी इचारच करत नव्हतं. तीच डिसेंबर २०२० मधे गेली. तेव्हाचे महापौर संदीप जोशी उभे होते, काँग्रेसचे अभिजित वंजारी निघाले. त्या दिवशी आमच्या इकडे चहाच्या टपरीवर कोणी बोलतच नव्हतं. म्हणून म्हणतो पोरीले सांग, नागपूर म्हणजे भाजपचंच असं सरसकट लिहू नको. १९७७ मधे पूर्ण देशात काँग्रेस पडली तेव्हा विदर्भानं काँग्रेसलेच निवडून दिलं होतं. इथला मतदार आपल्या हिशोबानं चालते.

---

त्रिमूर्तीनगरवाला

काका, हे शेवटचं तिने तसंच्या तसं उतरवून घेतलं, "आपल्या हिशोबानं चालते" सकट. मी म्हटलं अगं प्रमाण भाषेत लिही, तर ऐकत नाही.

एकच शेवटचं विचारतो. तिने चार निवडणुकांचा ग्राफ काढलाय, दोन रंगांत, एक फडणवीसांचा आणि एक दुसऱ्या क्रमांकाचा. त्यातच १९९९ आणि २००४ जोडायचे का?

---

आकड्यांची_वही

नको. तो मतदारसंघ वेगळा होता, सीमा वेगळ्या, मतदार वेगळे. एकाच रेषेवर सहा टिंबं मांडली तर वाचणाऱ्याला वाटेल त्याच लोकांनी सहा वेळा मतं दिली. पश्चिमचं वेगळं पान करा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा "पुनर्रचनेआधी". आणि ग्राफवर २०१४ च्या टिंबाशेजारी छोटी टीप द्यायला सांगा की त्या वर्षी चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले, नाहीतर मास्तर पण तीच लीडची चूक करतील.