अमेरिकेत जायलोत, पिझ्झा कुठला खावा? (जर्सी, डेट्रॉइट, शिकागो)

रिटायर_मास्तर_लातूर

नमस्कार. मी झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेला मास्तर. सप्टेंबरात मी अन् आमची मंडळी लेकीकडं जायलोत, न्यू जर्सीत एडिसनला, तिथं महिनाभर, मग पुतण्या डेट्रॉइटला गाड्यांच्या कंपनीत आहे त्याच्याकडं आठ दिवस, अन् तिथून गाडीनं शिकागो बघून वापस. आजवर मी पिझ्झा खाल्लाय तो इथल्या एका बेकरीतला, नातीच्या वाढदिवसाला, गोड पावाच्या थाळीवर टमाटा सॉस, ढोबळी मिरची अन् वर चीज, थंड झालं की सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. मला वाटायचं पिझ्झा म्हणजे एवढंच. आता जावई म्हणायलेत की मामा, तिथं गावागणिक पिझ्झा बदलतो अन् ग्रामपंचायतीच्या इलेक्शनला भांडावं तशी माणसं त्याच्यावरून भांडतेत. तर सांगा, कुठं कुठला खावा अन् कुठला नाही खाल्ला तरी चालतंय. अडचणी दोन. मंडळी माळकरी आहे, अंडंसुद्धा चालत नाही. अन् मला खालच्या दाढा नाहीत, कडक भाकर मी कालवूनच खातो.

जर्सीत_परभणीकर

मास्तर, तुमचं पहिलं काम सोपंय. एडिसनला आलात म्हणजे लेक तुम्हाला रॉबिन्सव्हिलचं अक्षरधाम दाखवायला नेणारच, २०२३ ला उघडलंय, इथं कुणाचेही आई-वडील आले की पहिली ट्रिप तिथंच. त्याच गावात डी लोरेन्झो अन् पापाज अशी दोन दुकानं आहेत, दोन्ही मूळची ट्रेंटनची, पापाज तर १९१२ पासूनचं. हे लोक पिझ्झा म्हणत नाहीत, टोमॅटो पाय म्हणतात. पातळ पोळी, तिच्यावर आधी चीज अन् चीजवर कुस्करलेले टमाटे, म्हणजे तुमच्या बेकरीच्या बरोब्बर उलटं. त्यामुळं आंबटपणा जिभेवर आधी येतो, चीज मागून. पापाजमध्ये मस्टर्ड पाय पण मिळतो, पिठावर मोहरीचं सारण फासतात, मला आवडला, बायको म्हणे लोणच्याचा खार लावून पोळी खायला एवढ्या लांब कशाला आणलं.

न्यूयॉर्कला बसून नाही, उभ्यानं खायचं. अठरा इंचाचा पिझ्झा, आठ तुकडे, एकेक तुकडा कागदी थाळीत देतात, मधून दुमडायचा, टोकाकडून सुरू करायचं, तेल मनगटावरून कोपरापर्यंत येतं, येऊ द्यायचं. कार्माइन स्ट्रीटचं जोज १९७५ पासून हेच करतंय. स्प्रिंग स्ट्रीटचं लोम्बार्डीज १९०५ चं म्हणून पाहुण्यांना दाखवतात, दगडी कोळशाची भट्टी आहे, पण तिथं तुकडा मिळत नाही, अख्खाच घ्यावा लागतो, अन् १९८४ ला ते बंद पडलं ते दहा वर्षांनी त्याच रस्त्यावर दुसऱ्या जागेत उघडलं, त्यामुळं कुणी तीच भट्टी म्हणून सांगितलं तर हां हां म्हणा. न्यूयॉर्कवाले अजून एक सांगतेत की आमच्या पाण्यात जादू आहे, डोंगरातलं मऊ पाणी, म्हणून पीठ असं होतं.

अजून एक न्यू हेवन, कनेक्टिकट राज्यातलं गाव, वूस्टर स्ट्रीट, पेपे १९२५ चं अन् सॅलीज १९३८ चं. पिझ्झ्याला तिथं 'अबीट्स' म्हणतात. कोळशावर भाजलेला, कडा काळ्या, चावायला चिवट. माझ्या मते अमेरिकेत याच्या वर पिझ्झा नाही, पण तुमच्या दाढा नाहीत अन् तिथली खरी ख्याती शिंपल्याच्या पांढऱ्या पिझ्झ्याची, काकूंना बाहेरच बसावं लागंल. राहू द्या.

हां, काकूंसाठी नीट वाचा. वरून किसून टाकतात ते पार्मेझान अन् पेकोरिनो, त्यांचं दूध वासराच्या नाहीतर कोकराच्या पोटातल्या रेनेटनं फाडतेत. पिझ्झ्यावरचं नेहमीचं चीज म्हणजे मोझरेला, त्यात रेनेट कुठलं ते कंपनीवर आहे. म्हणून "वरून किसलेलं चीज नको" हे वाक्य लेकीकडून पाठ करून घ्या. टोमॅटो पाय चीज न टाकता पण करून देतील, अन् वाईट लागत नाही.

औसा_रोड

पाण्याची जादू लातूरवाल्याला सांगायलात व्हय. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं आमच्याकडं. टँकरच्या पाण्यात वरण जसं लागायचं तसंच मिरजेच्या पाण्यात लागलं. आईला विचारलं काही फरक आहे का, तर म्हणे घागर भरली हाच फरक.

वाळूज_प्रेसशॉप

डेट्रॉइटचं मी सांगतो. मी स्वतः गेलो नाही पण आमच्या शॉपमधले दोघं डाय ट्रायलला, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्याच्या चाचणीला, गेलते, ते आल्यापासून महिनाभर ट्रेबद्दलच बोलायलेत. तिथला पिझ्झा गोल नसतो, चौकोनी. १९४६ ला बडीज नावाच्या बारमध्ये गस ग्वेरा नावाच्या मालकानं सुरू केला, अन् भांडं कुठलं तर गाड्यांच्या कारखान्यात सुटे पार्ट ठेवायला, तेल गळलं तर खाली धरायला जे निळ्या स्टीलचे ट्रे असतेत ना, ते. असे ट्रे आमच्याकडं ढिगानं पडलेत, त्यात बोल्ट अन् पंचिंगचे टुकडे असतात, जेवणाच्या सुट्टीत त्यात कुणी भजंसुद्धा ठेवणार नाही. पण डोकं बघा त्या माणसाचं. जाड शीट उष्णता धरून ठेवतं. चीज, ते विस्कॉन्सिनचं ब्रिक चीज घालतेत, ते मधी न ठेवता पार कडेपर्यंत लोटायचं, मग ते ट्रेच्या भिंतीला लागून उतरतं अन् तिथं खरपूस होतं. खव्याच्या कढईची खरवड कधी उलथन्यानं काढून खाल्ली असंल तर तेच ते. सॉस सगळ्यात शेवटी, चीजवर पट्टे ओढल्यासारखा.

मास्तर तुमच्या दाढांसाठी उत्तम, आतून दोन बोटं जाड अन् मऊ. खरवडीची कड काकूंना. फक्त बडीजमध्ये पेपरोनी चीजच्या खाली टाकतात, वरून दिसत नाही, अन् पेपरोनी म्हणजे डुकराचं-गाईचं मांस, म्हणून व्हेज सांगताना दोनदा सांगा. मूळ दुकान कोनान्ट स्ट्रीटवर अजून चालू आहे.

एक काम करा, ट्रेचं माप घेऊन या.

नांदेडची_पोर

सगळे फांद्यांवर भांडायलेत, झाड नेपल्सला आहे. मी दोन वर्षं इटलीत शिकायला होते म्हणून बोलतेय. दा मिकेले, १८७० चं, संगमरवरी टेबलं, बाहेर ही गर्दी, अन् आत मेन्यू बघायला गेलं तर जवळपास दोनच, मार्गारिता (टमाटा, मोझरेला, तुळशीसारखी बेसिलची पानं) अन् मारिनारा. लाकडाची भट्टी साडेचारशे डिग्रीच्या आसपास, पिझ्झा आत गेला की साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर, म्हणून वरचा टमाटा आटत नाही, ताजाच राहतो. मधला भाग इतका ओला की काट्या-सुरीनंच खायचा.

माझी आई आली होती तेव्हा कडेवरचे काळे ठिपके बघून म्हणाली, करपलंय, वापस दे त्याला. मी म्हणलं आई, तू भाकर तव्यावरून काढून आरावर टेकवतीस, फुगली की तिच्यावर असेच ठिपके पडतात, त्या भाकरीला कधी करपली म्हणलीस का. मग गप खाल्ली. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली तिथंच जाऊ.

मास्तर, बिनदाढांच्या माणसासाठी याच्याइतका मऊ पिझ्झा दुसरा नाही. अन् मारिनाऱ्यात चीजच नसतं, टमाटा, लसूण, ओरेगॅनो, तेल. काकूंना लसूण चालत असंल तर प्रश्नच मिटला. नेपल्स तुमच्या रस्त्यात नाही हे कळतं, पण एडिसनच्या आसपास लाकडाच्या भट्टीवर मार्गारिता करणारं कुणीतरी सापडेल, लेकीला शोधायला लावा. १८८९ ला राणी मार्गारितासाठी एस्पोझितोनं हा पिझ्झा केला ही गोष्ट तिथं ऐकायला मिळंल, इतिहासवाले तिच्यावर शंका घेतात, गोष्ट मात्र छान आहे.

बीड_टू_शिकागो

न्यूयॉर्कवाले आमच्या डीप डिशला पिझ्झा म्हणत नाहीत, कढई म्हणतेत. म्हणू द्या. ओहायो स्ट्रीटवर पिझ्झेरिया उनो १९४३ ला निघालं तिथून हे सुरू झालं, पहिला नेमका कुणाच्या हातचा यावर इथं अजून भांडणं आहेत. उंच काठाच्या भांड्यात लोणी-तेलाच्या पिठाचा वाडगा, तळाला चीज, मग बाकी माल, वर टमाटा. चीज खाली का, तर भट्टीत अर्धा-पाऊण तास ठेवावं लागतं, वर असतं तर जळून कोळसा झालं असतं. म्हणजे इथंपण टमाटा वरच, परभणीकरांच्या जर्सीसारखा, पण कारण येगळं.

आता खरं बोलतो. डीप डिश पाहुण्यांसाठी. आम्ही इथं राहणारे शुक्रवारी मागवतो तो टॅव्हर्न स्टाइल, पापडासारखा पातळ, कुरकुरीत, त्रिकोण नाही तर शंकरपाळ्यासारखे चौकोनी तुकडे, बारमध्ये एका हातात ग्लास अन् दुसऱ्या हातात तुकडा धरता यावा म्हणून तसं. साउथ साइडला व्हिटो अँड निक्स. कोपऱ्यातले चारी तुकडे छोटे अन् कडक असतात, त्याच्यावरून आमच्या घरात पोरं रोज रडतेत.

मास्तर, डीप डिश खायचाच असंल तर आत शिरल्या शिरल्या ऑर्डर द्या अन् मग टेबल शोधा. माझे सासरे आले होते, आम्ही गप्पा मारत बसलो, ऑर्डर उशिरा दिली, मग पन्नास मिनिटं लागली अन् बोटीची तिकिटं वाया गेली. दुकानाची चूक नव्हती, मेन्यूवर वेळ लिहिलेली होती, माझ्याच डोळ्यांवर झापड. सासरे आजपण प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगतेत.

गुलमंडीवाला

पिझ्झा पिझ्झा काय लावलंय. आमच्या शहरात बाहेरून माणूस आला अन् नान खलिया न खाता गेला तर त्याला वेरूळ बघूनपण काय उपयोग. १३२७ ला तुघलकानं दिल्ली उचलून दौलताबादला आणली तेव्हा फौजेबरोबर आलेलं खाणं असं जुने लोक सांगतेत. भट्टीत चिकटवलेली नान, वरून हळदीचं पाणी लावलेली पिवळीधमक, अन् मटणाचा लाल तवंगाचा रस्सा. तुमच्या त्या पिझ्झ्यावाल्यांची भट्टी शंभर वर्षांची, इथं सातशे.

जर्सीत_परभणीकर

गुलमंडीवाले भाऊ, मास्तरांची मंडळी माळकरी आहे. अन् नानवर तवंग ओतून खाल्लं तर तो पण एक पिझ्झाच झाला की.

गुलमंडीवाला

हे वाक्य सिटी चौकात येऊन म्हणून दाखवा.

रिटायर_मास्तर_लातूर

वापस आलोय, चार दिवस झाले, झोपेचं गणित अजून बसंना. हिशोब देतो.

रॉबिन्सव्हिलला गेलो. मंदिर बघून दुपारी डी लोरेन्झोत. मंडळीसाठी बिनचीजचा सांगितला, आला, तिनं एक घास खाल्ला, इकडं तिकडं बघितलं, पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली अन् सगळ्यावर भुरकली. वाढणारी पोरगी थांबली अन् म्हणे हे काय आहे. लेकीनं तिला चिमूटभर हातावर दिली. पोरगी दोनदा मागायला आली. मोहरीचा राहिला, पोट भरलं होतं.

न्यूयॉर्कचा तुकडा दुमडून खाल्ला, तेल शर्टाच्या बाहीत गेलं, मंडळी तीन दिवस बोलली.

शिकागोत दोन्ही खाल्ले. बीडकरांनी सांगितल्यासारखं आत गेल्या गेल्या ऑर्डर दिली, तरी चाळीस मिनिटं. डीप डिशचा एक तुकडा म्हणजे एक जेवण, दुसरा उचलायची हिंमत झाली नाही. चव चांगली, पण मी तो चमच्यानं खाल्ला, म्हणजे मग पिझ्झा का पातळ भाजी हे तुम्ही ठरवा. टॅव्हर्नवाला दाढा नसताना खाऊ नये. मी खाल्ला. रात्रभर हिरडी ठणकायली.

अन् डेट्रॉइट. वाळूजकर, मला तुमचाच आवडला. आतला भाग तर दाढ नसताना विरघळला, कडेची खरवड मी तोंडात धरून बसलो, पाच मिनिटं चघळली, पुतण्याला वाटलं काका आजारी पडले. ट्रे बघायचाय म्हणून पुतण्यानं सांगितलं तर आतून एक रिकामा आणून हातात दिला त्यांनी. काळाकुळकुळीत, आमच्या घरच्या जुन्या तव्यासारखा मुरलेला, धुतला तरी चव जाणार नाही असा. पट्टी जवळ नव्हती, मास्तर असून. नातीच्या कंपासमधली सहा इंची पट्टी पुतण्याच्या गाडीत निघाली, तिनं मोजला. वरून १० बाय १४ इंच, खोली अडीच, कड बाहेरच्या बाजूला थोडी कललेली. जाडी मोजायला काही नव्हतं.

वाळूज_प्रेसशॉप

जाडीचं मी बघतो, स्क्रॅपमध्ये चांगलं शीट पडलंय. फक्त एवढं सांगा मास्तर, कोपरे गोल होते का काटकोनात, अन् दुमडलेले का वेल्ड केलेले.

रिटायर_मास्तर_लातूर

दुमडलेले. कोपऱ्यात चीज अडकलेलं होतं, मी नखानं काढून खाल्लं, त्यामुळं पक्कं आठवतंय.